कार्ड बुधाजीचे, रक्त कुशाबाचे

प्रति,
मा. दवाखाना अधिकारी,
बंद गिरणी कामगार साह्य दवाखाना,
परळ, मुंबई.

विषय : नात कु. अंबिका (वय ९) हिचे बंद केलेले सोड्याचे औषध पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ४ ऑगस्ट १९९९.

महोदय,

अर्जदार कुशाबा राघोबा घाडी, राहणार डिलाईल रोड, सूतखात्यातला जुना कामगार, सविनय कळवतो की,

१. अंबिकेच्या मूत्रपिंडातून आम्ल बाहेर पडत नाही. ते रक्तात साचते आणि हाडे खाते. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी अर्जदारास गिरणीच्या भाषेत समजावले. तांबड्या पेशीच्या दारावर एक रखवालदार असतो. एक क्षार बाहेर सोडला की दुसरा आत घेतो. तोच मूत्रपिंडातही नेमलेला. या घराण्यात तो रक्तात इमानाने राबतो, मूत्रपिंडात मात्र भलत्याच दारावर जाऊन उभा राहतो. ही खोड अर्जदाराकडून मुलाला आणि मुलाकडून अंबिकेला आली. अर्जदाराचे मुतखड्यांवर निभावले. पोरीचे पाय वाकले.

२. आपला नियम, औषध कार्डधारकाच्या रक्ताच्या मुलानातवंडांनाच. कार्ड थोरला भाऊ बुधाजी याचे आहे. तो एका पावसाळ्यात लावणीला गावी गेला, तेव्हा त्याच्या जागी अर्जदार बदली उभा राहिला. हजेरी घेणाऱ्या जॉबरने ‘बुधाजी’ पुकारले, अर्जदाराने ‘जी’ म्हटले. गिरणगावात असे घरोघरी चाले. बुधाजी गावीच रमला. संप होईपर्यंत अर्जदार बुधाजीच राहिला.

३. आपल्या सांगण्यावरून बुधाजीला कणकवलीहून आणून या वंशाच्या खोडीसाठी त्याचे रक्त तपासले. निर्दोष निघाले. त्यावर आपण लिहिता, कार्डधारकात दोष नाही, सबब नातीस आजार संभवत नाही. खिडकीवरचे कारकून म्हणाले, “काय आजोबा, हजेरी एकाची नि खोड दुसऱ्याची? गजाली नाक्यावर जाऊन सांगा.” अर्जदार चाळीत थापाड्या म्हणून प्रसिद्ध आहे, हे नाकबूल नाही. शिवडीच्या खाडीत गळाला लागलेल्या माशाने आपल्याला मालवणीतून शिव्या घातल्या, असे तो आजही शपथेवर सांगतो. परंतु त्याच्यात ही खोड दाखवणारा रक्ताचा अहवाल त्याने लिहिलेला नाही.

४. औषध संपले आहे. सबब विनंती की, कुशाबास कागदोपत्री मयत करावे व अंबिकेस बुधाजीची नात लिहावे. बुधाजी राजी आहे. तेही नियमात बसत नसल्यास अंबिका ठणठणीत असल्याचा आपल्या सहीचा दाखला द्यावा, म्हणजे तो दाखवून तिला चालायला सांगता येईल.

आपल्या खिडकीशी बसून असलेला नम्र,
कुशाबा राघोबा घाडी
(हजेरीवर : बुधाजी)
दि. २३ ऑगस्ट १९९९

सोबत :
१) रक्ताचा अहवाल, कुशाबाचा.
२) रक्ताचा अहवाल, बुधाजीचा.
३) अंबिका, समक्ष. उचलून आणली आहे. टेकायला बाक मोकळे करून द्यावे.