न उठलेला सर्व्हर

कुंभकोणम्,
१८ जुलै २०२५

प्रिय रघूअण्णा,

तू आणि प्रीतिवहिनी खुशाल असाल. पुण्यात आपली तंजावरी मराठी ऐकून अजून हसतात का रे? इथं ऊन फार. आपले अप्पा आता बरे आहेत.

फोनवर रडू फुटेल, म्हणून लिहिते.

आमची कंपनी दवाखान्यांना रुग्णांच्या नोंदी शोधून देते. नोंदी अनेक सर्व्हरांत, म्हणजे मोठ्या संगणकांत, वाटलेल्या असतात. सुरू होताना प्रत्येकाच्या सेटिंगमध्ये बाकीच्या साथीदार सर्व्हरांचे पत्ते लागतात. नसले तर सर्व्हर उठूच नये, म्हणजे सुरूच होऊ नये, अशी तपासणी मी घातली. कारण एकटा उठलेला सर्व्हर रिकामा असूनही बिनधास्त सांगतो, ‘नोंद नाही.’

सोमवारी नवे सर्व्हर चालू करताना ते पत्तेच भरायचे राहून गेले. एकही उठेना. शोध बंद. आमचे साहेब गिरीश फोनवर ओरडले, “तपासणी काढ!”

“सर, चूक कुठं आहे ते बघू द्या.”

“दवाखाने थांबलेत, अक्षया. काढ म्हणतो ना!”

मी घाबरले. नोकरी जाईल वाटलं. तपासणी बंद करायची ओळ लिहिली. बटण दाबणार, तेवढ्यात दुसरा फोन आला.

आमचाच शोध वापरणाऱ्या सरकारी इस्पितळातून, अप्पांच्या फोनवरून, डॉक्टर गोमती बोलत होत्या. अप्पा तिरुनागेश्वरम्‌ला देवळात चक्कर येऊन पडले होते. पायाची जखम चिघळून ताप चढलेला, शुद्ध नाही. “संगणकावर शोध बंद आहे, म्हणून विचारते. कुठल्या औषधाचं वावडं?”

“पेनिसिलिन! देऊ नका!”

मग त्या म्हणाल्या, “इंजेक्शन भरून ठेवलं होतं. नोंद नाही असं दिसलं असतं, तर दिलं असतं.”

अण्णा, माझं बोट बटणावर होतं.

ती ओळ पुसली. पत्ते भरले, सगळे सर्व्हर एकत्र उठले, मग इस्पितळात धावले. अप्पा आता शुद्धीत आहेत, नर्सशी तमिळमध्ये भांडतात. तुला कळवू नको म्हणाले. मी त्यांनाही त्या बटणाचं सांगितलं नाही.

तपासणी हवी तेव्हा बंद करता यावी, असं करून दे, असा आज गिरीशसाहेबांचा निरोप आला. नाही म्हणून कळवलं. उत्तर नाही. फोन वाजला की नोकरी गेली असंच वाटतं.

मला कुणीतरी जवळ हवंय रे. ये.

तुझी, अजून घाबरलेली,
अक्षया