सोळा बादल्या

मंगळवार, ता. १९
सकाळचे दहा

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या कपाळाचे टाके निघाले का? निघाले असले तरी जखमेला पाणी लागू देऊ नकोस. तुझी बायको, पोरं खुशाल असतील असं धरून चालते.

अकरा वर्षांनी पत्र लिहिताना हवापाण्याने सुरुवात करतात, तर इथे हवापाण्याशिवाय दुसरा विषयच उरलेला नाही. वीज काल आली. वादळात आमच्या गल्लीतली सात झाडं गेली, पुराचं पाणी उंबऱ्यावरून आत येऊन तीन दिवस राहिलं. चिखल अजून काढतेच आहे. पुस्तकं गच्चीवर वाळत घातली आहेत. जन्मभर ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही, असे दोन विचारवंत पानापानांनी चिकटले आहेत. सोडवायला गेले की दोघेही फाटतात.

तुझ्या दाजींची श्वासाची नळी शनिवारी काढली. घसा बसलाय, म्हणून पाटीवर लिहून बोलतात. काल पेज घेतली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मशीन पाच मिनिटं जरी बंद पडलं असतं तरी अवघड होतं." मी मान हलवली.

मी हे पत्र आभार मानायला लिहिते आहे. व्यासपीठावरून चाळीस वर्षं अध्यक्षांपासून मांडववाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानत आले. ते सोपं असतं, टाळ्या मिळतात. हे सोपं नाही.

तू तिथे होतास, तरी सांगते. माझ्या बाजूने काय दिसत होतं ते तुला ठाऊक नाही. दवाखान्याच्या आवारात दोनेकशे नातेवाईक जमलेले. त्यांना धीर द्यायला मोठ्या आवाजाचं माणूस हवं होतं, म्हणून मदत समितीने माझ्या हातात भोंगा दिला. वर दाजी श्वासाच्या मशीनवर, आणि मशीन जनरेटरवर. जनरेटरवाले काका दर दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगत, "वरच्या छोट्या टाकीत पन्नास मिनिटांचं डिझेल... चाळीस मिनिटांचं." आणि तेवढ्यात तुझा डिझेलचा टँकर फाटकातून आत आला. लोक अक्षरशः रडले रे. मीही.

तू उतरलास. मला बघितलंस. आणि पाईप काढायचा सोडून लांब काठी काढलीस, तिच्या टोकाला कसलीशी पेस्ट फासलीस आणि जनरेटरच्या खालच्या मोठ्या टाकीत घातलीस. बाहेर काढून बघितलीस. परत घातलीस. मला दिसला तो एक माणूस, जो वेळ काढतोय. तुझ्याबद्दल अकरा वर्षं मनात धरलेलं सगळं एका क्षणात वर आलं, आणि भोंगा हातातच होता.

"आत माणसं श्वासासाठी तडफडतायत आणि हा काठीने तळ मोजतोय! बघून घ्या याला! हा त्या वेळीही विकला गेला होता!"

माझा आवाज कुठवर जातो हे मला चांगलं ठाऊक आहे. गर्दीतून तुझ्या कपाळावर दगड कोणी मारला हे समिती अजून शोधते आहे. शोधायची गरज नाही. हात कोणाचाही असेल, दगड मी मारला.

तू तेलकट फडक्याने रक्त पुसलंस. काठी माझ्यासमोर धरलीस. पेस्ट लालभडक झाली होती. "पुराचं पाणी आहे तळाशी. वरून डिझेल सोडलं की सगळं ढवळेल, इंजिनात जाईल, मग मशीन कायमचं बंद. आधी पाणी काढायला लागेल. ताई, तुझं बोलून झालं असेल तर तो भोंगा खाली ठेव आणि बादली धर."

मी धरली. तू टाकीचा तळाचा कॉक उघडलास, आणि मी, नातेवाईक, डॉक्टरीणबाई, सगळ्यांनी हातोहात सोळा बादल्या गढूळ पाणी बाहेर काढलं. मी मोजत होते. दुसरं काही केलं असतं तर तोंड उघडलं असतं. सतराव्या बादलीत तू काठी बुडवलीस, रंग बदलला नाही, आणि तू पाईप जोडलास. छोट्या टाकीत तेव्हा सहा मिनिटं उरली होती. काका म्हणाले, "याच्या हाताला घाई ठाऊक नाही, म्हणून तर मी याचीच वाट बघत होतो. अकरा वर्षांपूर्वी टँकरवाल्यांच्या संपाच्या वेळीही हाच आला होता."

"कुठे?" मी विचारलं.

"इथेच की. सगळे टँकर उभे होते, तेव्हा एकटा आला. वर काचेच्या पेटीत तीन बाळं होती."

धाकट्या, संप बरोबर होता. आजही म्हणेन, ड्रायव्हरांना माणसासारखं वागवावं म्हणून तो करायलाच हवा होता. पण संप मोडून तुझा टँकर कुठे निघालाय हे मी तुला विचारलं नाही. जाहीर सभेत तुला फितूर म्हटलं, आणि तूही हट्टी, एका शब्दाने सांगितलं नाहीस. का रे? सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का, हे आता स्वतःलाच विचारते आहे.

मी बोलायला वळले तेव्हा तू पुढच्या गावच्या पाण्याच्या पंपाकडे निघालाही होतास, कपाळाला फडकं बांधून.

शुद्धीवर आल्यावर दाजींनी पाटीवर पहिलं काय लिहिलं सांगू? "टँकर कोणी आणला?" मी म्हटलं, "एका ड्रायव्हरने." त्यांनी माझ्याकडे बघत पुसलं आणि लिहिलं, "धाकटा?" मग पुन्हा पुसून: "चुकलं म्हणालीस?"

येत्या रविवारी मदतकार्याबद्दल समिती माझा सत्कार करणार आहे. मी नको म्हटलं नाही, कारण मला तो भोंगा हवा आहे. त्याच आवारात, त्याच लोकांपुढे, तुला फितूर म्हटल्याचं आणि विकला गेला म्हटल्याचं, दोन्ही मागे घेणार आहे. शाल काकांना देईन. तू आलास तर फार बरं वाटेल. पुढे बसायचा आग्रह नाही. फाटकाशी टँकर लावून ऐकलंस तरी चालेल. माझा आवाज पोचतो तिथवर.

आणि आला नाहीस, तरी कोणा गावाला डिझेल पोचवत असशील एवढं मी या वेळी स्वतःच समजून घेईन.

दाजींनी पाटीवर लिहून दिलंय: "जेवायला ये." माझं एवढंच: चुकलं रे.

सतरावी बादली अजून हातात धरून उभी असलेली,
तुझी
ताई