ब्याऐंशी किलोचे भाऊजी

रायपूर, बुधवार

प्रिय अपर्णा,

सप्रेम जयभीम. पाकीट बघून घाबरू नकोस. इकडे सगळे ठीक आहेत, आणि तुझे भाऊजी तर गरजेपेक्षा जास्तच ठीक आहेत. हे वाक्य लिहिताना मला केवढं सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! गेले दोन महिने आम्ही तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. आता सांगते. मधे हसू येईल, खुशाल हस. मात्र शेवटपर्यंत वाच. तुझी मधली पानं गाळायची सवय मला माहीत आहे.

गेल्या वर्षी हे रेल्वेतून रिटायर झाले तेव्हा तुझ्या शाळेच्या परीक्षा चालू होत्या, तुला येता आलं नाही. त्यांच्या जुन्या सोबत्यांनी, म्हणजे मुख्यतः नत्थूभाऊंनी, त्यांची वह्यातुला केली होती. आपल्याकडे हार नको, वही-पेन आणा म्हणतात ना, तेच जरा थाटात. नत्थूभाऊ बीरगांवात कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांसाठी रविवारचा वर्ग चालवतात, त्या मुलांना या वह्या मिळायच्या होत्या. धान्याच्या दुकानातला मोठा लोखंडी तराजू आणला, एका पारड्यात गादी घालून यांना बसवलं, दुसऱ्यात वह्या. वह्या चढत होत्या आणि हे काही केल्या वर उठेनात. लोक हसत होते, चारदोन जण उठून तात्यापाऱ्यातल्या दुकानांतून आणखी गठ्ठे घेऊन आले. शेवटी पारडी सारखी झाली आणि नत्थूभाऊंनी माइकवर पुकारलं, "रत्नाकरभाऊ, ब्याऐंशी किलो!" टाळ्या काय पडल्या! तेव्हापासून ब्याऐंशी हा आकडा आमच्या घरात मानाचा होऊन बसला. मी सुद्धा बायकांत मिरवून घेतलं, माझ्या हातच्या स्वयंपाकाचं सर्टिफिकेटच होतं ते.

यंदा जुलैत यांचा गुडघा दुखायला लागला म्हणून डॉक्टरकडे गेलो. पुण्याच्या आहेत, ज्ञानदा मॅडम, आमच्या मुलापेक्षा, यशदीपपेक्षा, जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. यांना काट्यावर उभं केलं, सहासष्ट भरले. मॅडमनी सहज विचारलं, आधी किती होतं? मी ताठ मानेनं सांगितलं, गेल्या वर्षी ब्याऐंशी. त्यांचा पेन थांबला. काही डाएट, व्यायाम, चालणं? काही नाही. उलट रिटायर झाल्यापासून दुपारची झोप वाढली आहे. मग भूक लागते का, ताप येतो का, खोकला, संडासला साफ होतं का, एकामागून एक प्रश्न. गुडघ्याचं कुणी नावच काढेना. काहीही न करता वर्षात सोळा किलो उतरले तर ते का, हे शोधावंच लागतं, एवढंच त्या शांतपणे म्हणाल्या. शांत डॉक्टरची मला जास्त भीती वाटते.

रक्त झालं, शुगर झाली, थायरॉइड, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी. सगळं चांगलं आलं, आणि जितकं चांगलं येई तितकी माझी झोप उडे, कारण मग ते सोळा किलो गेले कुठे? आणि गंमत बघ, आकडा कळल्यापासून हे मला खरंच वाळलेले दिसायला लागले. गाल बसले, मान बारीक झाली, मनगटाची हाडं वर आली. शेजारच्या कमलाबाई जिन्यात भेटल्या तर म्हणाल्या, "भैया त निच्चट सुखा गे हे, दीदी." म्हणजे भाऊ अगदीच वाळले. मी घरात येऊन दार लावून रडले. मग सकाळी तुपातला शिरा, दुपारी अंडी, संध्याकाळी केळी घालून दूध. बिचारे समोर येईल ते खात होते. मेलेल्या मनानं खाणारा माणूस कसा दिसतो ते मी पाहिलं आहे.

'मला काही झालं तर' असं यांनी एकदाही म्हटलं नाही. एक दिवस मात्र स्कूटीची चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "किती दिवस माह्या मांगं बसून फिरशील? शिकून घे." सत्तावन्नाव्या वर्षी! शाळेच्या मोकळ्या मैदानात मला घेऊन जायचे आणि मागचा दांडा धरून धापा टाकत पळायचे. मी ब्रेकच्या जागी गॅस देत होते आणि हे ओरडत होते, "अवं, काहून पयवून राहिली!" ते हे सगळं का शिकवत आहेत, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं होतं. हेल्मेटची काच खाली होती म्हणून बरं, नाहीतर सगळ्या पोरांनी मला रडताना बघितलं असतं. अपर्णा, तीस-बत्तीस वर्षांत मी या माणसाला किती कमी वेळा चांगलं म्हटलं, हेच सारखं मनात यायचं.

शेवटी मॅडमनी मोठ्या मशीनमधली तपासणी सांगितली. तिची तारीख मिळाली आणि आदल्या दिवशी नत्थूभाऊ डोकावले. कुणाला सांगायचं नाही असं यांनी बजावलं होतं, पण माझा बांध फुटला. सोळा किलो गेले हो भाऊ, ब्याऐंशीचे सहासष्ट झाले. नत्थूभाऊंचा चहा बशीतच राहिला. चेहरा पांढराफटक. मला वाटलं मित्राच्या काळजीनं. तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, मले पायजे तं चपलेनं मारा, पण आंधी ऐका. रत्नाकरच्या गादीखाली तांदळाचा कट्टा होता ना जी! पंधरा किलोचा!"

झालं होतं असं, की वर्गात मुलं जास्त आणि गोळा झालेल्या वह्या कमी. वह्यातुला पुरी झाली की लोक वह्या आणायचं थांबवणार. म्हणून या बहाद्दरानं गादीखाली तांदळाची पिशवी लपवली, म्हणजे पारडं खाली राहील आणि लोक लाजेकाजेस्तव आणखी वह्या आणतील. तसंच झालं. पुढे त्याच तांदळाची खीर करून मुलांना घातली आणि नत्थूभाऊ साफ विसरले. हे आतल्या खोलीतून आले आणि पहिलं वाक्य काय म्हणावं? "तरीच! गादी लय कडक लागून राहिली होती, पण चारचौघांत कसं बोलू!" मग दोघं म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून हसले आणि हसता हसता रडले. मी आधी नत्थूभाऊंना मनसोक्त बोलून घेतलं, मग त्यांना जेवूनच जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी ज्ञानदा मॅडमना सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, इतक्या हसल्या. राहिलेला किलोभर बूट आणि सुटाचा, म्हणाल्या. मग स्वतःवरच चिडल्या, की पँट सैल झाली का, पट्ट्याचं भोक बदललं का, हे मी आधी कसं विचारलं नाही! यांची पँट तर तीच, पट्टाही तिथेच. दोन महिने समोर होतं आणि आम्हा कुणाला दिसलं नाही. मशीनची तपासणी रद्द झाली. त्यांनी भिंतीशी उभं करून यांची उंची मोजली, पाच फूट सहा इंच. एवढ्या उंचीच्या आपल्याकडच्या माणसाला साधारण बावन्न ते पासष्ट किलो वजन ठीक, म्हणाल्या. तोही अंदाजच, कारण हाड, मांस आणि पोटावरची चरबी काट्याला वेगळी कळत नाही, म्हणून कमरेला टेपही लावायची. म्हणजे ज्याला आम्ही सुकला म्हणून रडत होतो तो माणूस मुळात किलोभर जास्तच होता! आणि आता, माझ्या शिऱ्याच्या कृपेनं, एकोणसत्तर. गुडघा का दुखतो तेही कळलं. मग त्यांनी मलाही काट्यावर उभं केलं. माझा आकडा मी तुला सांगणार नाही. आता आम्ही दोघं सकाळी चालायला जातो, आणि स्कूटी मी चालवते, हे मागे बसून देवाला न मानणाऱ्या माणसाला शोभणार नाही इतक्या वेळा देवाचं नाव घेतात.

निघताना मी मॅडमना म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास दिला. त्या लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, काकू, आकडा खोटा होता, माझी घाई खोटी नव्हती. कुणी न ठरवता असं उतरत असेल तर मी पुन्हा अशीच घाई करीन. कारण साधं असू शकतं, नसूही शकतं, पण बघावं लागतं.

तेव्हा मला तू आठवलीस. यशदीपच्या साखरपुड्यात मी तुझ्या हातात बांगड्या भरल्या आणि त्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. मी विचारलं तर म्हणालीस, काही न करता बारीक झाले, माझं नशीब चांगलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. परवा फोनवर पुन्हा विचारलं तर तू विषय बदललास, म्हणून हे पत्र. तू गोंदियात एकटी राहतेस, घरात तुला रोज बघणारं कुणी नाही. अपर्णा, तुझ्या गादीखाली कुणी तांदूळ ठेवला नव्हता. मी रविवारी सकाळच्या गाडीनं तुला घ्यायला येते आहे, सोमवारची मॅडमची वेळ घेतली आहे. साधं काही निघालं तर दोघी मिळून पोट दुखेपर्यंत हसू. नाही निघालं, तर तुझं सगळं मी बघीन, मला आता गाडी चालवता येते. नाही म्हणू नकोस, बाळा. मला फार भीती वाटते आहे.

तुझीच, रविवारी तुझ्या दारात उभी असणारी,
उल्काताई