राजाच्या खुर्चीला हात लावायचा नाही

३ मार्च

आजपासून राजपक्षाच्या कचेरीत झाडायला लागले. आमच्या खोलीच्या खालीच आहे. बाळाला टोपलीत घालून नेलं. आत मधोमध एक खुर्ची — लाल मखमल, वर सोनेरी मुकुट. मी बघतच राहिले. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हिला हात लावायचा नाही. धूळसुद्धा फुंकून उडवायची. महाराज परदेशातून आले की बसतील." जानेवारीत त्यांनीच पक्ष काढला. राजाला परत आणायचं, एवढंच काम.

१९ मार्च

सभेला चाळीस माणसं. दोन तास सगळी उभी! राजासमोर बसायचं कसं? खुर्ची रिकामी, तरी कुणी भिंतीलाही टेकलं नाही. शिंप्याचे पाय सुजलेत, तोही उभा. माझ्या अंगावर काटा आला.

ह्यांनी पक्षाच्या सभासदांच्या वहीत नाव घातलं. सातवं. मी म्हटलं, नसती उठाठेव कशाला? तर म्हणे, "अगं, सातवा म्हणजे दरबारात पुढची रांग."

६ मे

निवडणुकीत आपटलो. आमचे निम्मे लोक मत द्यायलाच गेले नाहीत. म्हणे राजाला मत देणं म्हणजे त्याला परीक्षेला बसवणं. समोरचा न्हावी विचारतो, "काय वहिनी, डिपॉझिट गेलं. मुकुट तरी राहिला का?"

२ जून

पक्षावर बंदी. शिंपी मुकुटाचा बिल्ला लावून दुकानात बसला होता, त्याला उचलला. आता वही शोधतायत. मिळाली की सगळेच आत. हे बहिणीकडे लपलेत. वकीलसाहेब जाता जाता सांगून गेले, वही खुर्चीच्या गादीखाली आहे, तिथं कोण हात घालणार?

अहो, पोलीस घालतील की.

३ जून

सकाळी वही काढायलाच खाली गेले. खुर्चीपाशी उभी राहिले, पण हात पुढे होईना. तेवढ्यात जिन्यावर बूट वाजले. काय सुचलं देव जाणे — टोपलीतून बाळाला उचललं, खुर्चीवर बसले आणि त्याला अंगावर घेतलं. वाटलं आता छत कोसळणार. काही झालं नाही. गादी मऊ होती.

त्यांनी कपाटं उपसली, फरशी ठोकून पाहिली. एक जण माझ्याकडे यायला लागला. हवालदार म्हणाला, "पाजू दे रे तिला." आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. गेले.

४ जून

वही चुलीत घातली. आत एक चिठ्ठी होती. राजाची! अक्षर लावत लावत वाचली. तारीख मागच्या वर्षीची, पक्ष निघायच्या आधीची. "वकील, मी येणार नाही. इथं घड्याळं दुरुस्त करतो, बरं चाललंय. खुर्ची कुणा दमलेल्याला द्या."

दोनदा वाचली. ती मात्र जाळवली नाही.

५ जून

हे परत आले. मला शोधत कचेरीत शिरले आणि खुर्ची बघून उभेच राहिले. मी म्हटलं, "दमलात. बसा."