तुतीला मिळालेलं संरक्षण

३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? इकडे नवंच लचांड उभं राहिलंय. शेजारच्या दातांच्या डॉक्टरला गाडीसाठी जागा हवीय, आणि कुंपणालगतची आपली तुती त्याच्या डोळ्यांत सलतेय. मुळं उपटायची त्याला सवयच! ती तुती ह्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी लावली. अर्धं अंग लुळं पडल्यापासून खिडकीतून तेवढंच बघतात. गल्लीतल्या झाडांना म्हणे कायद्याचं संरक्षण आहे. मग आपल्या तुतीलाही असेलच ना? तू शहरात आहेस, विचारून कळव. सगळ्यांना सांभाळून राहा.

तुझी ताई

१० मार्च

ती. ताईस शि. सा. न.

खोकला आहे, पण मीही आहे. छापखान्यात अर्धी रजा टाकून झाडांच्या कार्यालयात जाऊन आलो. तिथल्या बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, झाड जुनं नि डेरेदार असलं म्हणून आपोआप संरक्षण मिळत नाही. त्या झाडासाठी किंवा त्या रांगेसाठी आदेश निघालेला असावा लागतो. तुमच्या गल्लीतला आदेश रस्त्याकडेच्या रांगेपुरता आहे. तुती कुंपणाच्या आत, म्हणजे आदेशाच्या बाहेर. तिच्यासाठी वेगळा अर्ज देऊन आलोय. तोवर डॉक्टर त्याच्या हद्दीत आलेल्या फांद्या आणि मुळं तोडू शकतो, खोडाला मात्र हात लावायचा नाही. काळजी करू नकोस असं लिहिणार होतो, पण तू ऐकणार थोडीच! भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

आदेश आला रे! दोन दिवस हे लहान मुलासारखे खूश होते. पण कागद यायच्या आधीच डॉक्टरने त्याच्या बाजूची मुळं खणून काढली होती, सगळं कायद्यात बसवून. आता झाड घराकडे झुकलंय. एक जाड फांदी ह्यांच्या खोलीच्या छपराला टेकलीय. करवतवाल्याला बोलावलं, तर त्याने आदेश वाचला आणि शिडी उचलून चालू लागला. म्हणाला, मावशी, परवानगीशिवाय हात लावला तर मीच आत जाईन. ज्या झाडासाठी तुला पळवलं, ते आता तोडू द्या म्हणून तुलाच पळवतेय. हसू नकोस. जपून राहा.

तुझी ताई

७ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

हसलो नाही. त्या भल्या बाई रजेवर आहेत. त्यांच्या जागेवरचा गृहस्थ म्हणाला, झाड आत्ता पडतंय असा धोका असेल तर तेवढाच भाग काढता येतो, पण धोका होता हे नंतर तुम्हीच सिद्ध करायचं, नाहीतर दंड. तपासनीस पाठवतो म्हणाला. कधी, असं विचारलं तर पंख्याकडे बघत बसला. मला काही सुचेना. तू भावोजींना घेऊन सरळ इकडे निघून ये. तुझी भावजय तुमच्यासाठी खोली आवरायला लागलीसुद्धा. वाट बघतो.

तुझा धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

घर सोडायला हे तयार होईनात. शेवटी खाट स्वयंपाकघरात हलवली, म्हणून आज हे पत्र लिहितेय. काल भर दुपारी, पानही हलत नसताना, तुती कोसळली. ह्यांची खोली पार बसली. आम्ही दोघं धड आहोत. डॉक्टर धावत आला, ह्यांना पाणी पाजलं, पण मान वर करेना. त्याला तरी काय बोलायचं?

आज तपासनीस आला. माणूस वाईट नव्हता. त्याला आमच्याकडे बघवेना. पण म्हणाला, संरक्षित झाड गेलं की त्या जागी नवं लावावंच लागतं, आणि रोपाला पहिल्या दिवसापासून तोच आदेश लागू. हे अडखळत म्हणाले, लावू की, पण ह्या वेळी कुंपणापासून जरा लांब. तपासनीस मान खाली घालून म्हणाला, तसं चालणार नाही, आजोबा. जागा तीच.

पत्र टाकत जा. तेवढाच आधार.

तुझी ताई