पुढची वजनं

११ जानेवारी २०२५, शनिवार

सगळी जर्नल्स परत केली! कॉलेजच्या लॅबमधल्या इंजिनच्या धुराच्या नळीवरचा तापमापक दिवाळीपासून बंद आहे. प्राचार्यांना दोनदा लिहून दिलंय. तरी सगळ्यांच्या तक्त्यात धुराचं तापमान आहे — आणि तेही दशांशासकट! मागच्या वर्षीच्या बॅचचं उतरवलंय, दुसरं काय. वर्गातला आदर्श म्हणाला, रकाना मोकळा दिसला की बाहेरचे परीक्षक मार्क कापतात, मॅडम. मी म्हटलं, कापू देत. मोकळा रकाना चालेल, खोटं रीडिंग माझ्या हातून पुढं जाणार नाही.

स्टाफरूममध्ये मला तिरसट म्हणतात, ठाऊक आहे. असू दे.

१४ जानेवारी, संक्रांत

बेळगावहून गावी आले. निपाणीच्या स्टँडवर धाकटा भाऊ स्वरूप मला घ्यायला आला तो ट्रॅक्टर घेऊन! सगळा स्टँड बघत होता. मडगार्डवर बसून घरापर्यंत आले. साडीवर काजळीच काजळी.

पुढच्या महिन्यात यात्रा आहे. यात्रेत ट्रॅक्टरची ओढ असते — दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून उभे करायचे, मध्ये साखळी, आणि जो दुसऱ्याला फरफटत चुन्याच्या रेघेपलीकडे नेईल तो जिंकला. गेल्या वर्षी कोगनोळीच्या विक्रमनं स्वरूपला ओढून नेलं होतं. ते आप्पांच्या अजून जिव्हारी लागलंय. एके काळी आप्पांच्या बैलांची जोडी या भागात कुणाला हरली नव्हती. बैल गेले, पण मैदानाची हौस गेली नाही.

आता जास्त डिझेल जावं म्हणून स्वरूपनं डिझेल पंपाचा स्क्रू स्वतःच पिळून ठेवलाय. इंजिन नुसता काळा धूर ओकतं आणि बाप-लेक दोघंही खूश! आप्पा म्हणतात, धूर बघून निम्मं मैदान उठून उभं राहतंय. मी सांगितलं, काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, त्यात ताकद कसली. कुणी ऐकलं नाही. तीळगूळ खाताना स्वरूप म्हणाला, "आक्का, परक्याच्या पोरांस्नी शिकवतीस. एकदा माझ्यासाठी गणित मांड की गं."

मी नाही म्हटलं.

१५ जानेवारी

नाही म्हणजे नाही. गेल्या वर्षी शेजारच्या गावात याच खेळात एकाचा पाय गेला.

१७ जानेवारी

स्वरूपचा फोन. कुणा मिस्त्रीकडून स्क्रू आणखी पिळून घेणार म्हणे. म्हणजे इंजिन तरी फुटणार, नाहीतर हा तरी. मग मीच बघते म्हटलं. दोन अटी घातल्या — साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्याच भोकात अडकवायची आणि तोंडावर लोखंडी वजनं लावायची. जोराच्या ओढीला पुढची चाकं उचलली गेली की ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि उलटला तर चालवणाऱ्याच्याच अंगावर. अंगावर यायला दोन सेकंदही लागत नाहीत. हे त्याला तीनदा सांगितलं.

व्हय व्हय म्हणाला. कबूल करायला याचं काय जातंय!

१९ जानेवारी, रविवार

निपाणीतल्या एका गॅरेजमध्ये इंजिनची ताकद मोजायला ट्रॅक्टरला मागून जोडायचा पाण्याचा ब्रेक आहे. तिथं पहिली चाचणी घेतली. ब्रेकवर एक्केचाळीस हॉर्सपॉवर भरली. काचेच्या नळीतलं शंभर मिली डिझेल पंचवीस सेकंदांत संपलं. तिथंच खोक्यावर बसून हिशेब घातला — औष्णिक कार्यक्षमता बावीस टक्क्यांच्याही आत! स्वरूपला समजेल असं सांगितलं — शंभर घागरी पाणी विहिरीतून ओढलंस, शेतात पोचल्या बावीस. बाकी सगळं वाटेत सांडलं.

गड्यानं रिकाम्या नळीकडे पाहिलं. मग म्हणाला, मग एवढा आवाज कशाचा येतोय गं? सांडण्याचाच, म्हटलं.

पुष्कळ हसलो दोघं. किती दिवसांनी असे हसलो!

२६ जानेवारी

झेंडावंदन उरकून थेट निपाणी. आठवडाभरात नोझल साफ करून घेतले होते, एअर फिल्टर नवा घातला होता. मी पंपाचा स्क्रू मागे घेतला, टायमिंग नीट लावलं. पुन्हा ब्रेकवर चढवला. पंचेचाळीस! तेवढंच डिझेल आता बत्तीस सेकंद पुरलं. कार्यक्षमता तीसच्या वर.

आणि धूर नाही. सायलेन्सरमधून नुसती गरम हवा थरथरताना दिसत होती. स्वरूप नळीपुढे हात धरून बघत होता. वर्षानुवर्षं फळ्यावर हेच शिकवते, पण माझ्या गणितानं कुणाचा चेहरा असा फुललेला मी पाहिला नव्हता. मला फार आनंद झाला. इथं लिहायला काय हरकत आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

जुनी बिडाची वजनं मिळाली. ट्रॅक्टरच्या तोंडावर बसवली. ओढ किती, साखळीची उंची किती, पुढच्या चाकांवर भार किती — सगळं मांडून पाहिलं. वजनं असली तर इंजिननं सगळा जोर लावला तरी पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. नसली तर सोडतात. यात मधलं काही नाही.

आप्पांना ती वजनं मुळीच आवडली नाहीत. "बैलाच्या गळ्यात लोढणं बांधल्यागत दिसतंय," म्हणाले. ट्रॅक्टरनं तोंड उचललं की मैदान शिट्ट्या मारतं, त्याशिवाय ओढ कसली, असं त्यांचं म्हणणं. स्वरूपनंच त्यांना थांबवलं. "आक्कानं सांगितलंय न्हवं? ऱ्हाऊ द्यात की आप्पा."

माझी बाजू घेतली पोरानं!

८ फेब्रुवारी

फोनवर आई सांगत होती. काल पारावर पोरांनी टिंगल केली — धूर न्हाय, काय न्हाय, सायलेन्सरात फडकं कोंबलंय काय? स्वरूप हसून गेला. आप्पा मात्र चिडून जेवायलाच बसले नाहीत. म्हातारा लहान पोराच्या वर झालाय अगदी.

उद्या यात्रेची ओढ, आणि सकाळी नेमकी माझी परीक्षेची ड्यूटी आहे. ती संपवून निघेन. शेवटच्या ओढीला पोचते.

९ फेब्रुवारी

स्वरूप गेला.

१३ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण लिहिलं नाही तर तेच तेच दिसत राहतं.

मी पोचले तेव्हा स्वरूप आणि विक्रमची ओढ लागलेली होती. गर्दीच्या मागे होते. साखळी ताणली तेव्हा इंजिनचा आवाज ऐकला — भरलेला, स्वच्छ. माझ्या हातचा आवाज. विक्रमचा ट्रॅक्टर मागे सरकायला लागला. लोकांच्या डोक्यांवरून स्वरूपच्या ट्रॅक्टरचं तोंड वर येताना दिसलं. शिट्ट्या झाल्या. टोप्या उडाल्या. मला वाटलं, वर कसं येईल? येणार नाही, मी मांडून पाहिलंय. मग ते आणखी वर आलं आणि पाठीवर गेलं.

त्याला क्लच दाबायलाही सवड मिळाली नाही.

विक्रम रोज येतो आणि पायरीवर बसून राहतो. त्याला कुणी काही बोलत नाही. त्याचा काय दोष. लोक म्हणतात, वेळ आलती. आई रडते, मधेच थांबते, पुन्हा रडते. आप्पा सोप्यात बसून असतात. ताट नेलं की दोन घास चिवडतात आणि सरकवून देतात.

१४ फेब्रुवारी

तोंड वर आलंच कसं? दुसरं काही सुचत नाही. माझं गणित चुकलं असेल तर मीच मारला त्याला.

१७ फेब्रुवारी

वजनं सापडली. गोठ्यात, पेंडीच्या पोत्यांखाली. बोल्टसुद्धा फडक्यात नीट बांधून ठेवलेत. अशी गाठ घरात एकच माणूस मारतो. बैलांची घुंगरं आप्पा अशीच बांधून ठेवायचे.

गोठ्यातच खाली बसले. आईला सांगितलं नाही, कुणालाच नाही. सकाळी मैदानावर न्यायच्या आधी काढली असणार. धूर नाही तर नाही, निदान तोंड तरी उचलू दे. मी त्यांचा धूर घालवला नसता तर वजनांना हात लावला असता का त्यांनी? आणि स्वरूपनं मला एक फोन का केला नाही? बापाचं मन मोडवलं नसेल. त्याचं तसंच होतं. एकदा माझं मन राखलं, एकदा त्यांचं.

सोप्यात येऊन उभी राहिले. माझ्या हाताला गोठ्यातला गंज लागला होता. आप्पांनी हाताकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड केलं.

मला त्यांचा संताप येतो. इतका येतो की त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या आपटूनच ठेवते. म्हणावंसं वाटतं — पोराच्या जिवावर शिट्ट्या मिळवल्यात!

१८ फेब्रुवारी

पुन्हा सगळं मांडलं. साखळी खालच्याच भोकात होती, विक्रमनं शपथेवर सांगितलं. म्हणजे स्वरूपनं माझी एक अट पाळली होती. ओढ तीच, उंची तीच, फक्त वजनं वगळून. चाकं उचलतात. वजनं धरून — उचलत नाहीत. तीनदा केलं. दर वेळी तेच.

वजनं असती तर स्वरूप जिंकला असता आणि घरी आला असता.

२१ फेब्रुवारी

पाहुणे गेले. घर रिकामं झालं. आप्पांचे खांदे शर्टात राहिलेले नाहीत, शर्ट नुसता लोंबतोय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर आठ दिवसही काढणार नाहीत, सलाइन लावा. आप्पांनी सुई उपटून टाकली. आई मला म्हणाली, "तू तरी बोल त्यांच्यासंगं. तुझंच ऐकत्यात." मला बोलवत नाही. तोंड उघडलं तर तेच बाहेर पडेल.

बेळगावहून आदर्शचा मेसेज आलाय — मॅडम, सगळ्यांनी धुराच्या तापमानाचा रकाना मोकळा ठेवलाय, चालेल ना? उत्तर दिलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी ताट घेऊन गेले. आप्पा भिंतीकडे बघतच बोलले, "तेजू, पुढची वजनं असती, तर?"

मी म्हटलं, "उलटलाच असता, आप्पा. त्यानं काही फरक पडला नसता."

"हिशेब घालून बघितलीस?"

"तीनदा."

भिंतीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाले, "तू खोटं बोलत न्हाईस," आणि ताट पुढं ओढलं. एक भाकरी खाल्ली.