घोळ समजून

मंगळवार, संध्याकाळ

शेवटचं रोप उपटत होतो, तेवढ्यात कामाला येणारी हिराबाई ओरडली, "बाबा, ती घोळ नाय! ताईंची ऑफिस टाइम हाय. एवढी बुकं वाचली, पान वळखू येईना?"

सुलभाने, माझ्या बायकोने, वारण्याच्या महिनाभर आधी हे बी टाकलं होतं. रोपं वाफाभर पसरली होती. मला ते घोळीचं तण वाटलं. ऑफिस टाइमची ही फुलं दहाला उमलतात, दुपारी मिटतात. तीस वर्षं त्या वेळी मी कॉलेजात. रविवारी ती हाक मारायची, "बघा तरी." मी पेपर तपासत असायचो.

घोळीचं पान चपटं. हिचं सुईसारखं. हे आज कळलं.

सगळी रोपं परत लावली.

बुधवार. सकाळी रोपांनी माना टाकल्या होत्या. हिराबाईने पाणी घातलं.